शाळेची लेव्ही मतदारांपुढे नेताना: कशानंतर काय करायचं

वॉशिंग्टन राज्यात दर तीन-चार वर्षांनी, बहुधा फेब्रुवारीत, स्कूल डिस्ट्रिक्ट (त्या भागातल्या सरकारी शाळा चालवणारी संस्था) मतदारांपुढे लेव्ही, म्हणजे शाळांसाठीचा मालमत्ता कर, मंजुरीला आणतं, आणि रेडमंड, बॉथेल, समामिशमधल्या मराठी पालकांचे व्हॉट्सॲप ग्रुप एकदम जागे होतात. उत्साहाची कमतरता नसते. गडबड होते ती क्रमात. पाट्या आधी छापल्या जातात आणि समितीची नोंदणी नंतर आठवते. वर्गणी आधी गोळा होते आणि ती कोणाकडून घेता येते हा प्रश्न मागाहून पडतो. मतं मागितली जातात, पण ती पाकिटात घालून परत गेली का, हे कोणी बघत नाही.

लेव्हीच्या बाजूने काम करू इच्छिणाऱ्या पालक स्वयंसेवकांसाठी हा लेख आहे. यातले सगळे नियम वॉशिंग्टन राज्याचे आहेत. न्यू जर्सी, टेक्सास किंवा इलिनॉयमधल्या वाचकांना कामाची पद्धत उपयोगी पडेल, पण तारखा, टक्केवारी आणि वर्गणीचे नियम तिकडे वेगळे आहेत. ते आपल्या राज्याचेच बघावेत.

## १. मतपत्रिकेवर नेमकं काय आहे ते आधी ओळखा

निम्मे गैरसमज इथेच सुरू होतात. शाळेसाठी मतदारांकडे पैसे मागायचे मुख्य प्रकार तीन.

एनरिचमेंट लेव्ही: शाळा चालवण्यासाठीचा पैसा. राज्य 'मूलभूत शिक्षणा'चा खर्च देतं, त्यावरचा हा भाग. समुपदेशक, नर्स, विशेष शिक्षणातली तूट, संगीत, खेळ, जादा तासिका अशा गोष्टी यातून चालतात. जास्तीत जास्त चार वर्षांसाठी मागता येते. निम्म्याहून एक मत जास्त मिळालं की मंजूर. (२००७ च्या घटनादुरुस्तीआधी लेव्हीलाही ६० टक्के लागायचे. जुने शेजारी अजून तोच आकडा सांगतात, त्यांना नम्रपणे दुरुस्त करा.)

कॅपिटल लेव्ही: दुरुस्त्या, छपरं, तंत्रज्ञान. सहा वर्षांपर्यंत. इथेही साधं बहुमत पुरतं.

बॉन्ड: नवीन इमारतींसाठी काढलेलं दीर्घ मुदतीचं कर्ज. त्याला ६० टक्के मतं लागतात. शिवाय आधीच्या सार्वत्रिक निवडणुकीत जेवढ्या लोकांनी मतदान केलं, त्याच्या किमान ४० टक्के लोकांनी या वेळी मतदान केलेलं असावं लागतं. अध्यक्षीय निवडणुकीनंतर लगेचच्या फेब्रुवारीत बॉन्ड आणणं म्हणूनच जड जातं. नोव्हेंबरचं मतदान प्रचंड झालेलं असतं आणि त्याचे ४० टक्के गाठायचे असतात.

साठ टक्के म्हणजे काय चीज आहे, हे लेक वॉशिंग्टन स्कूल डिस्ट्रिक्टने अनुभवलेलं आहे. २०१४ मध्ये फेब्रुवारीत आणि पुन्हा एप्रिलमध्ये त्यांचा बॉन्ड या रेषेच्या खाली राहिला. निम्म्याहून जास्त लोक बाजूने असूनही तो पडला. पुढे एप्रिल २०१६ मध्ये ३९.८ कोटी डॉलरचा बॉन्ड मंजूर झाला.

तपासा: एकाच मतपत्रिकेवर दोन-तीन प्रस्ताव असू शकतात. प्रत्येकाचा क्रमांक, प्रकार, मुदत आणि लागणारी टक्केवारी एका कागदावर लिहून काढा. हा कागद प्रत्येक स्वयंसेवकाकडे हवा. बॉन्डच्या पैशातून शिक्षकांचे पगार होत नाहीत. दारात उभं राहून कोणी तसं सांगून आलं, तर ते निस्तरायला दुसऱ्याला जावं लागतं.

## २. तारखांचं गणित शेवटाकडून मांडा

वर्षात चार वेळा असे प्रस्ताव आणता येतात: फेब्रुवारीचा दुसरा मंगळवार, एप्रिलचा चौथा मंगळवार, ऑगस्टची प्राथमिक निवडणूक आणि नोव्हेंबरची सार्वत्रिक. उदाहरणादाखल ९ फेब्रुवारी २०२७ ही तारीख धरू आणि मागे मोजत जाऊ.

- ९ फेब्रुवारी, रात्री ८: ड्रॉप बॉक्स (भरलेल्या मतपत्रिका टाकायच्या सरकारी पेट्या) बंद.
- १ फेब्रुवारी: ऑनलाइन किंवा टपालाने नवीन नोंदणी आणि पत्ता बदलण्याची शेवटची तारीख (मतदानाच्या आठ दिवस आधी). त्यानंतर प्रत्यक्ष केंद्रात जाऊनच, पण ते मतदानाच्या रात्री ८ पर्यंत चालतं.
- २२ जानेवारी: बॅलट, म्हणजे मतदारांच्या घरी जाणाऱ्या मतपत्रिका, टपालात पडलेली असावीत (१८ दिवस आधी).
- ११ डिसेंबर २०२६: स्कूल बोर्डाचा ठराव काउंटीकडे पोहोचण्याची शेवटची तारीख (६० दिवस आधी).
- त्याच्याही आधी: एनरिचमेंट लेव्हीचा खर्चाचा आराखडा राज्याच्या शिक्षण खात्याकडून, म्हणजे ओएसपीआयकडून, मंजूर करून घेणं. ही मंजुरी नसेल तर लेव्ही मतदारांपुढे जातच नाही.

शेवटची दोन कामं डिस्ट्रिक्टची, तुमची नाहीत. पण बोर्डाच्या ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या बैठकांना तुमच्यातलं कोणीतरी बसलेलं असावं. लेव्हीत किती मागायचे आणि कशासाठी, यावर पालकांचं म्हणणं ऐकलं जातं ते तिथे. ठराव झाल्यावर आकडा बदलत नाही, मग कितीही ईमेल पाठवा.

बघा, २२ जानेवारीला बॅलट घरी पोहोचायला लागतात. म्हणजे तुमचा प्रचार फेब्रुवारीत नाही, जानेवारीत आहे. डिसेंबरात निम्मी मंडळी भारतात गेलेली असतात आणि संक्रांतीच्या सुमारास परततात. म्हणून कामाची वाटणी थँक्सगिव्हिंगच्या आधी झालेली हवी. सुट्टीनंतर बसून ठरवू म्हणणारी समिती बॅलट आलेली असताना पत्रकाचा मसुदा वाचत बसलेली असते.

## ३. डिस्ट्रिक्ट आणि समिती यांच्यात भिंत ठेवा

सरकारी साधनं प्रचाराला वापरायला राज्यात कायद्याने बंदी आहे आणि त्यावर देखरेख करणारी संस्था म्हणजे पब्लिक डिस्क्लोजर कमिशन, पीडीसी. शाळेचा ईमेल, फोन, झेरॉक्स मशीन, कर्मचाऱ्यांची कामाची वेळ, मुलांची दप्तरं, हे सगळं त्यात आलं.

डिस्ट्रिक्ट माहिती देऊ शकतं: किती रक्कम, कशासाठी, नामंजूर झाल्यास काय कमी होईल. 'हो म्हणा' असं म्हणू शकत नाही. निवडून आलेलं स्कूल बोर्ड मात्र जाहीर बैठकीत, आधी सूचना देऊन आणि विरोधकांनाही बोलायची तेवढीच संधी देऊन, पाठिंब्याचा ठराव करू शकतं. शिक्षक आपल्या वेळेत, आपल्या फोनवरून, आपल्या घरी काय करतात ते त्यांचं स्वातंत्र्य.

हमखास होणाऱ्या चुका अशा:

- वर्गाच्या पालक यादीवर, म्हणजे शिक्षिकेने शाळेच्या खात्यातून पाठवलेल्या ईमेलला 'सगळ्यांना उत्तर' देऊन, लेव्हीला मत द्या असं लिहिणं.
- शिक्षिकेला शाळेच्या पत्त्यावर प्रचाराचा ईमेल पाठवणं. तिने तो पुढे ढकलला तर अडचणीत ती येते.
- मुलांच्या हाती पत्रक देऊन घरी पाठवणं.
- शनिवारची मराठी शाळा डिस्ट्रिक्टच्या भाड्याच्या वर्गात भरत असेल, तर तिथे टेबल मांडणं. भाड्याची जागा सगळ्यांना सारख्या अटींवर मिळत असेल तर मार्ग निघू शकतो, पण त्या फंदात पडू नका. पार्किंगच्या पलीकडे, सार्वजनिक पदपथावर उभं राहा.

महाराष्ट्र मंडळासारख्या करमुक्त संस्थेला उमेदवाराचा प्रचार करता येत नाही. मतपत्रिकेवरच्या प्रस्तावाला पाठिंबा मर्यादित प्रमाणात देता येतो. पण तो कार्यकारिणीच्या ठरावाने द्यावा, सचिवांनी रात्री अकरा वाजता फॉरवर्ड करून नव्हे.

सावधान: शंका आली तर पीडीसीला विचारा. शाळांसाठी त्यांची स्वतंत्र मार्गदर्शक तत्त्वं आहेत आणि त्यांचे कर्मचारी प्रश्नांना उत्तरं देतात. शेजाऱ्याने 'मागच्या वेळी आम्ही असंच केलं होतं' म्हटलं, म्हणून ते नियमात बसतं असं नाही.

## ४. समिती, खजिनदार, खातं: या क्रमाने

बहुतेक डिस्ट्रिक्टमध्ये लेव्हीसाठी नागरिकांची एक समिती आधीपासून असते. पहिलं काम तिला शोधणं. वेगळी 'मराठी पालक समिती' काढायचा मोह आवरा. दुसरी समिती म्हणजे दुसरी नोंदणी, दुसरे हिशोब, दुसरे दंड. असलेल्या समितीत जा आणि आपल्या वस्तीची, आपल्या भाषेच्या लोकांची जबाबदारी मागून घ्या.

समिती नसेलच तर आधी खजिनदार ठरवा. अध्यक्ष कोणीही होतं, खजिनदार मिळत नाही. समिती स्थापन झाल्यापासून किंवा वर्गणी घ्यायचं ठरल्यापासून दोन आठवड्यांत पीडीसीकडे नोंदणी करायची असते. मग बँकेत समितीच्या नावाचं खातं. मगच पहिला डॉलर. छोट्या समित्यांसाठी सोप्या हिशोबाचा 'मिनी रिपोर्टिंग' पर्याय असतो. त्याची चालू मर्यादा पीडीसीच्या संकेतस्थळावर बघून निवडा. खर्च त्या मर्यादेबाहेर जाईल असं वाटत असेल, तर सुरुवातीपासूनच पूर्ण हिशोबाचा मार्ग धरा.

पत्रकावर समितीचं नाव आणि पत्ता लागतो. वर्गणीदारांची नावं ठरावीक रकमेपुढे सार्वजनिक होतात आणि कोणीही ती वाचू शकतं. हे देणाऱ्याला आधी सांगा.

एक काम नेहमी विसरलं जातं: मतदार पुस्तिकेतलं निवेदन. स्थानिक मतदार पुस्तिका निघत असेल तर प्रस्तावाच्या बाजूने आणि विरोधात लिहिण्यासाठी डिस्ट्रिक्ट छोट्या समित्या नेमतं. त्यांची मुदत ठरावानंतर लगेच येते. बाजूचं निवेदन लिहायला शब्द कमी आणि वाचक जास्त असतात. सगळ्या पत्रकांपेक्षा जास्त लोक ते वाचतात. घाईत एका रात्रीत लिहू नका. पहिल्या वाक्यात हा कर चालू लेव्हीच्या जागी आहे की नवीन, ते यायला हवं.

## ५. कोण काय करू शकतं

आपल्या लोकांसाठी सगळ्यात महत्त्वाचा टप्पा हाच आहे, आणि इंग्रजी पुस्तिकांत तो एका ओळीत उरकलेला असतो. त्या पुस्तिका लिहिणाऱ्यांच्या घरात एच-१बी, ग्रीन कार्ड आणि नागरिक असे तिघे एका टेबलावर जेवायला बसत नाहीत.

अमेरिकन नागरिक: मत, वर्गणी, समितीतलं पद, सगळं. शपथविधी झाला म्हणजे मतदार नोंदणी आपोआप झाली असं समजू नका. नाव यादीत आहे का ते राज्याच्या मतदार संकेतस्थळावर बघा. घर बदललं असेल तर पत्ता बदला.

ग्रीन कार्डधारक: मत नाही. वर्गणी देता येते, काम करता येतं. मुलांकडे राहायला आलेले, ग्रीन कार्ड असलेले आजी-आजोबा यात येतात.

एच-१बी, एच-४, एल-१, विद्यार्थी किंवा पाहुणे व्हिसावर: मत नाही, वर्गणीही नाही. राज्याच्या कायद्याने परदेशी नागरिकाकडून आलेला पैसा समितीला घेता येत नाही. पैसे कुठून घ्यायचे आणि कशावर खर्च करायचे या निर्णयांतही त्यांनी नसावं. म्हणून अशा व्यक्तीला खजिनदार करू नका, बजेटच्या बैठकीत बसवू नका. विनामोबदला स्वयंसेवक म्हणून पाकिटं भरणं, भाषांतर, फोन, शेजाऱ्यांशी बोलणं, हे करता येतं.

नवरा नागरिक आणि बायको एच-४ वर असेल, किंवा उलट, तर वर्गणी नागरिकाने स्वतःच्या पैशातून आणि स्वतःच्या नावाने द्यावी. समितीच्या ऑनलाइन फॉर्मवर 'परदेशी नागरिकाचा पैसा नाही' अशी खात्री द्यावी लागते. न वाचता खूण करू नका. 'ऑफिसमधल्या सगळ्यांकडून वीस-वीस डॉलर घेऊन मी एकत्र भरतो' हा आपल्याकडच्या गणपतीच्या वर्गणीचा मार्ग इथे अजिबात चालत नाही. दुसऱ्याचे पैसे आपल्या नावाने देणंही बेकायदेशीर आहे.

कडक इशारा: नागरिक नसताना मतदार म्हणून नाव नोंदवणं किंवा मत देणं ग्रीन कार्ड आणि पुढचं नागरिकत्व दोन्ही धोक्यात आणू शकतं. लायसन्स काढताना किंवा घरोघरी येणाऱ्या उत्साही स्वयंसेवकामुळे चुकून नोंदणी झाली आणि बॅलट घरी आलं, तर ते भरू नका, सही करू नका. आधी इमिग्रेशन वकिलाला विचारा आणि मग काउंटीच्या निवडणूक कार्यालयाला लेखी कळवून नाव काढून घ्या. स्वयंसेवक म्हणून तुम्हीही दुसऱ्याला 'नोंदणी करून टाका' असं कधीच म्हणू नका. 'तुम्ही मतदार आहात का?' एवढंच विचारा. नाही म्हटलं की विषय संपला. कोणत्या व्हिसावर आहात हा प्रश्न विचारू नये.

## ६. आकडा पाठ करण्याआधी समजून घ्या

दारात विचारला जाणारा पहिला प्रश्न: 'माझा टॅक्स किती वाढणार?' याचं चुकीचं उत्तर सगळ्यात जास्त नुकसान करतं.

वॉशिंग्टनची शाळा लेव्ही ही ठरलेल्या रकमेची असते, दराची नाही. मतदार मंजूर करतात ते वर्षाला अमुक इतके डॉलर. मतपत्रिकेवर हजारी (मालमत्तेच्या किमतीच्या दर हजार डॉलरमागे) अमुक असा दर दिसतो तो अंदाज असतो. पुण्यातल्या सोसायटीच्या देखभाल खर्चासारखं हे आहे: वर्षाचा खर्च ठरलेला, तो फ्लॅटच्या क्षेत्रफळाप्रमाणे वाटायचा. सगळ्यांची घरं दुप्पट महाग झाली म्हणून वॉचमनचा पगार दुप्पट होत नाही.

आकड्यांत बघू. समजा मंजूर रक्कम वर्षाला १० कोटी डॉलर आणि डिस्ट्रिक्टमधल्या सगळ्या करपात्र मालमत्तेची किंमत १०,००० कोटी. दर झाला हजारी १ डॉलर. तुमचं घर १२ लाखांचं असेल तर १,२०० डॉलर. पुढच्या वर्षी सगळ्याच मालमत्ता २५ टक्क्यांनी वाढल्या, एकूण १२,५०० कोटी. दर उतरून ८० सेंट होतो. तुमचं घर आता १५ लाखांचं, कर पुन्हा १,२०० च. फरक पडतो तो तुमचं घर इतरांपेक्षा जास्त वाढलं किंवा कमी वाढलं तर.

यातून तीन सूचना निघतात.

पहिली, 'टॅक्स वाढणार नाही' असं वचन कधीही देऊ नका. रक्कम वर्षागणिक वाढत जाणारी असेल तर कर वाढेल, आणि असेसरने (करासाठी मालमत्तेची किंमत ठरवणाऱ्या काउंटीच्या अधिकाऱ्याने) घराची किंमत बदलली तरी वैयक्तिक आकडा हलेल. 'ही लेव्ही संपणाऱ्या लेव्हीच्या जागी आहे, आणि अंदाजे दर आधीच्या दराइतका / इतक्याने जास्त आहे' हे वाक्य खरं आणि पुरेसं आहे.

दुसरी, संपणाऱ्या आणि नव्या लेव्हीचे आकडे शेजारी शेजारी मांडा. लोकांना नवीन आकडा एकटा दाखवला की तो सगळाच्या सगळा नवीन कर वाटतो.

तिसरी, कायद्याची वरची मर्यादा लक्षात ठेवा. मतदारांनी जास्त मंजूर केलं तरी डिस्ट्रिक्टला राज्याने घातलेल्या मर्यादेपुरतंच गोळा करता येतं. 'हे काहीही उकळतील' या आक्षेपाला हे उत्तर आहे.

'राज्याने मॅक्लेरी खटल्यानंतर पैसे दिले ना?' हा दुसरा नेहमीचा प्रश्न. २०१२ च्या निकालात राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने मूलभूत शिक्षणाला पुरेसा पैसा द्यायला राज्याला भाग पाडलं, हे खरं. त्यानंतर राज्याचा वाटा वाढला आणि २०१७ च्या कायद्याने स्थानिक लेव्हीवर नव्या मर्यादाही आल्या. पण राज्याच्या सूत्रात एका शाळेला एक पूर्णवेळ नर्ससुद्धा बसत नाही. कमी पडणारा भाग लेव्हीतून येतो. तुमच्या शाळेत लेव्हीतून कोणती पदं चालतात, ते डिस्ट्रिक्टच्या माहितीपत्रकातून काढा आणि तीच दोन-तीन उदाहरणं सांगा. 'मुलांचं भविष्य' वगैरे बोलू नका. समोरच्याला नर्स समजते.

ज्येष्ठ शेजारी 'आमची मुलं मोठी झाली' म्हणाले तर वाद घालू नका. वय ६१ किंवा जास्त, स्वतःच्या घरात राहत असतील आणि उत्पन्न काउंटीच्या मर्यादेत असेल, तर मतदारांनी मंजूर केलेल्या अशा जादा लेव्हीतून त्यांना सूट मिळू शकते. असेसरकडे अर्ज करावा लागतो, आपोआप मिळत नाही. पुष्कळांना हे माहीतच नसतं. मत देवोत न देवोत, ही माहिती द्या. फेब्रुवारीत मत देणाऱ्यांत ज्येष्ठांचा वाटा मोठा असतो आणि ते एकमेकांशी बोलतात.

## ७. यादी: कोणाशी बोलायचं आणि कोणाशी नाही

मतदारयादी राज्याकडून राजकीय कामासाठी मिळते. त्यात नाव, पत्ता आणि कोणत्या निवडणुकांत मतदान केलं ते असतं. मत कोणाला दिलं ते नसतं. या यादीचा धंद्यासाठी वापर करायला मनाई आहे. रिअल इस्टेट एजंट असलेल्या स्वयंसेवकाला हे दोनदा सांगा.

माझं ठाम मत असं की विरोधकांना पटवण्यात घालवलेला प्रत्येक तास वाया जातो. फेब्रुवारीत मतदान नोव्हेंबरपेक्षा बरंच कमी होतं. लेव्ही पडते ती बहुतेक वेळा बाजूची माणसं घरी बसल्यामुळे. म्हणून यादीतून आधी हे गट काढा:

- शाळेत मुलं असलेले, पण फक्त अध्यक्षीय निवडणुकीला मत देणारे पालक. तुमचं मुख्य काम इथे आहे.
- गेल्या वर्ष-दोन वर्षांत नागरिक झालेले.
- बारावीतली, १८ पूर्ण झालेली मुलं. आणि कॉलेजला गेलेली, ज्यांचं बॅलट अजून आईबाबांच्या घरी येतं. त्यांचा टपालाचा पत्ता वसतिगृहाचा करता येतो. घरच्यांनी त्यांच्या वतीने भरून सही करणं हा मात्र गुन्हा आहे, 'तिला विचारूनच केलं' म्हटलं तरी.

व्हॉट्सॲप ग्रुपवर मिळालेले शंभर अंगठे म्हणजे मतं नाहीत. त्यातले कितीतरी दुसऱ्या डिस्ट्रिक्टमध्ये राहतात, कितीतरी नागरिक नाहीत. ग्रुपमधली नावं यादीशी ताडून बघा. उरतील तेवढ्यांना प्रत्येकाला एकेका माणसाने वैयक्तिक फोन करावा. 'काकू, बॅलट आलं का? निळ्या-पांढऱ्या कागदांच्या गठ्ठ्यात गेलं नसेल ना?' एवढं बोलणं कोणत्याही पत्रकापेक्षा कामाचं.

पाट्या लावा, पण त्यांवर आशा ठेवू नका. पाटी मत देत नाही.

## ८. पाकिटं परत आणणं

२२ जानेवारीपासून समितीचं एकच काम उरतं. काउंटी दररोज कोणाची बॅलट परत आली त्याची यादी देते. ती रोज घ्या, आपल्या 'हो' म्हणणाऱ्यांच्या यादीतून परत आलेली नावं खोडा, उरलेल्यांना फोन करा. ज्यांनी मत दिलं त्यांना पुन्हा पुन्हा फोन करणं बंद झालं की लोकांचा रागही कमी होतो.

घरातल्या चुका ठरलेल्या असतात, फोनवर त्यांची आठवण करून द्या:

1. सहीच नाही. पाकिटाच्या बाहेर सही लागते.
2. नवरा-बायकोची पाकिटं अदलाबदल. एका टेबलावर बसून दोघं भरतात आणि एकाच्या पाकिटावर दुसऱ्याची सही होते.
3. सही जुळत नाही. सही नोंदीतल्या सहीशी, बहुधा लायसन्सवरच्या सहीशी ताडली जाते. लायसन्सवर इंग्रजीत आणि पाकिटावर ऐटीत मराठीत सही केली तर ती जुळणार नाही. लग्नानंतर नाव बदललेल्यांचंही असंच.
4. उशिरा टपालपेटीत. पाकिटावर मतदानाच्या दिवसाचा किंवा आधीचा पोस्टमार्क लागतो. संध्याकाळी पेटीत टाकलेल्या पाकिटावर दुसऱ्या दिवसाचा शिक्का पडू शकतो. शेवटच्या आठवड्यात थेट ड्रॉप बॉक्समध्येच टाका. टपालाला तिकीट लागत नाही, ड्रॉप बॉक्सलाही नाही.

सहीत अडचण आली तर काउंटी पत्र किंवा फोनने कळवते आणि निकाल प्रमाणित होण्याच्या आदल्या दिवसापर्यंत ती दुरुस्त करता येते. अनोळखी नंबर म्हणून फोन न उचलणाऱ्या आपल्या लोकांची मतं इथे जातात. प्रत्येकाने आपलं बॅलट स्वीकारलं गेलं का ते ऑनलाइन बघावं.

तपासा: शेवटच्या शनिवारी समितीतल्या प्रत्येकाचं स्वतःचं बॅलट परत गेलेलं आहे का? हसू नका, विचारा.

## ९. ९ फेब्रुवारीच्या रात्रीनंतर

पहिली मोजणी रात्री आठनंतर लगेच येते. ती अर्धवट असते. शेवटच्या दिवसांत आलेली पाकिटं पुढचे काही दिवस मोजली जातात आणि आकडा हलतो. विशेष निवडणुकीचा निकाल दहा दिवसांनी, म्हणजे १९ फेब्रुवारीला, प्रमाणित होतो. अंतर अगदी कमी असेल तर हे दहा दिवस सहीच्या दुरुस्त्यांसाठी वापरा. आपल्या यादीतल्या ज्यांच्या सहीवर हरकत आहे त्यांना गाठा.

मंजूर झाली तर कर पुढच्या जानेवारीपासून, म्हणजे जानेवारी २०२८ पासून सुरू होतो.

पडली तर कॅलेंडर उघडा. एप्रिलची निवडणूक २७ एप्रिलला आणि तिच्यासाठी ठराव काउंटीकडे पोहोचायची तारीख २६ फेब्रुवारी. प्रमाणित निकाल आणि ही तारीख यांच्यात फक्त एक आठवडा. बोर्डाने रक्कम कमी करायची का, तीच ठेवायची का, हे त्या आठवड्यात ठरतं. तुम्हाला बोलायचं असेल तर त्याच आठवड्यात. बारा महिन्यांत दोनदाच विचारता येतं. दोन्ही वेळा पडली तर चालू लेव्ही डिसेंबरअखेर संपते आणि शाळेचं वर्ष अर्ध्यावर असताना पैसा थांबतो. शिक्षकांना कपातीची सूचना सहसा १५ मेपर्यंत द्यावी लागते, त्यामुळे कात्री त्याच्याही आधी चालायला लागते. मेरिसव्हिल स्कूल डिस्ट्रिक्टची लेव्ही २०२२ मध्ये फेब्रुवारी आणि एप्रिल, दोन्ही वेळा पडली होती. मालमत्तेची किंमत कमी असलेल्या डिस्ट्रिक्टना लेव्हीसोबत राज्याचं पूरक अनुदानही मिळतं. लेव्ही गेली की तेही जातं.

दुसऱ्या फेरीत पहिलीच पत्रकं पुन्हा वाटू नका. कोणत्या भागात मतं कमी पडली ते प्रिसिंक्टनिहाय (मतदानाच्या छोट्या विभागांप्रमाणे) आकड्यांत बघा. 'हो' म्हणणाऱ्या वस्त्यांत मतदान कमी झालं असेल तर आठव्या टप्प्यावर जास्त माणसं लावा. मतदान चांगलं होऊनही पडली असेल तर प्रश्न रकमेचा किंवा विश्वासाचा आहे, आणि तो बोर्डाच्या बैठकीत सुटेल, फोनवर नाही.

निकाल काहीही लागो, पाट्या शहराने दिलेल्या मुदतीत उचला. खजिनदाराला एकटं सोडू नका. शेवटचा अहवाल पीडीसीकडे जाईपर्यंत, बिलं चुकती होईपर्यंत आणि खातं बंद होईपर्यंत समिती कायद्याने चालूच असते.